सिगारेट सोडून व्हेपकडे वळताना: पुण्यातून सतत येणारे प्रश्न

व्हेप म्हणजे ई-सिगारेट. तिच्याविषयीचे हे प्रश्न गेल्या तीन वर्षांत सिगारेट सोडू पाहणाऱ्यांच्या आमच्या शनिवारच्या गटात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा आले. विचारणारे बहुतेक २२ ते ३२ वयातले: हिंजवडीत रात्रपाळी करणारे, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, विमाननगरला पीजीत राहणारे. मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं सिगारेट ओढली, मग दीड वर्ष पॉड (खिशात मावणारा छोटा व्हेप), आणि आता चार वर्षं दोन्ही बंद आहे. औषधांविषयीची उत्तरं गटातल्या एका छातीरोगतज्ज्ञांनी वाचून दुरुस्त केली आहेत.

१. व्हेपमध्ये धूर नसतो म्हणतात. मग तोंडातून निघतं ते काय?

सिगारेटमध्ये तंबाखू जळतो. व्हेपमध्ये काही जळत नाही. बॅटरीवर एक बारीक कॉइल तापते आणि तिच्याभोवतीच्या कापसात मुरलेलं द्रव तापून त्याचे सूक्ष्म थेंब हवेत येतात. त्या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. म्हणजे निघते ती पाण्याची वाफ नव्हे. आंब्याचा किंवा पुदिन्याचा वास येतो म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण स्वादासाठी वापरलेले पदार्थ खाण्यासाठी सुरक्षित मानलेले असतात. तेच तापवून छातीत ओढले तर काय होतं, हा वेगळा प्रश्न आहे.

२. सिगारेटपेक्षा कमी घातक आहे की नाही? सरळ सांगा.

पूर्णपणे सिगारेट बंद करून फक्त व्हेप ओढणाऱ्याच्या शरीरात विषारी पदार्थ कमी जातात. सिगारेटच्या धुरात सुमारे ७००० रसायनं असतात, त्यांतली ७० च्या आसपास कर्करोगकारक आहेत. जळण्यातून येणारा डांबरासारखा चिकट थर आणि कार्बन मोनॉक्साइड व्हेपमध्ये जवळजवळ नसतात. हे मी लपवणार नाही. लपवलं की तरुण मुलं आमची बाकीची बातही ऐकत नाहीत.

पण 'कमी घातक' हे सिगारेटशी तुलना केल्यावर, आणि सिगारेट तर तिच्या दीर्घकाळच्या ग्राहकांतल्या निम्म्यांचा जीव घेते. शिवाय ही तुलना ज्या व्हेपवर केली गेली आणि जो व्हेप तुमच्या खिशात आहे, ते दोन एकच आहेत का, हे प्रश्न ५ मध्ये पाहा. मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं.

३. ब्रिटनमध्ये सरकारच सिगारेट सोडायला व्हेप देतं. मग आपल्याकडे बंदी का?

खरं आहे. २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचे सुरुवातीचे संच देण्याची योजना जाहीर केली. सिगारेट सोडण्यासाठी निकोटिनयुक्त व्हेप हा निकोटिनच्या गम किंवा त्वचेवर चिकटवायच्या पॅचपेक्षा अधिक लोकांना उपयोगी पडतो, असं वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही निघालं आहे. मात्र तिथे द्रवात मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही, माल नोंदवावा लागतो, सोबत समुपदेशक असतो. मुलांमध्ये वापर वाढला म्हणून १ जून २०२५ पासून तिथेही एकदा वापरून फेकायचे व्हेप विकायला बंदी आली. पुण्यात चोरून मिळतो तो बहुतेक नेमका हाच प्रकार.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये संपूर्ण बंदीची शिफारस केली, ती मुख्यतः कधी सिगारेटही न ओढलेल्या तरुणांना निकोटिनची सवय लागेल या भीतीने. बंदी घातली आणि सिगारेट मात्र टपरीवर राहिली, हा विरोधाभास मलाही खुपतो. पण त्यामुळे बाजारातला चोरटा माल चांगला ठरत नाही.

४. कायदा नेमका काय? ओढताना पकडलं तर अटक होते का?

१८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आहे. विक्री किंवा आयातीसाठी पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा पकडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

'वापर' हा शब्द त्या यादीत नाही. म्हणून 'ओढणं कायदेशीर आहे' असं ठासून सांगणारे भेटतात. त्यांच्यावर विसंबू नका. वस्तू तुमच्याजवळ आहे, म्हणजे कोणीतरी ती आणली, विकली, ठेवली. आणि खिशातल्या वस्तूला साठवणूक म्हणायचं का, हा वाद तुम्हाला रात्री अकरा वाजता पोलीस चौकीत घालावा लागेल. मित्रांसाठी चार जादा मागवून ठेवणारा तर सरळ साठवणूक आणि विक्रीतच येतो. निकोटिन नसलेला व्हेप, तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणं आणि ई-हुक्का हे सगळं याच कायद्याखाली आहे.

५. फर्ग्युसन रस्ता असो की कोरेगाव पार्क, मागितलं की मिळतं. मग बंदीने काय फरक पडला?

फरक पडला तो तुमच्या बाजूने काही उरलं नाही, हा. दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्याबद्दल तक्रार करता येते. फोनवरून मागवलेल्या आणि दुचाकीवरून काळ्या पिशवीत आलेल्या डबीबद्दल कोणाकडे जाणार? वेष्टनावर '५ टक्के' लिहिलेलं असतं. आत तीन आहे की सात, कॉइलचा धातू कोणता, द्रव कुठे भरलं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. '१०,००० पफ' हा आकडाही कोणी मोजून दिलेला नाही.

अमेरिकेत २०१९ मध्ये काय झालं ते आठवा. व्हेप ओढणाऱ्या तरुणांची फुप्फुसं अचानक निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ जण रुग्णालयात दाखल झाले, ६८ जण दगावले. मुख्य कारण ठरलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, जे प्रामुख्याने गांजाच्या अर्काच्या चोरट्या काडतुसांत (व्हेपमध्ये बसवायच्या भरलेल्या नळ्यांत) मिसळलं जात होतं. साध्या निकोटिनच्या व्हेपमध्ये ते सहसा नसतं, हे खरं. पण धडा चोरट्या मालाचाच आहे: द्रव घट्ट दिसावं म्हणून कोणीतरी काहीतरी घातलं आणि ओढणाऱ्याला ते कळायचा मार्ग नव्हता. आपल्याकडे तर सगळाच माल चोरटा.

६. 'झिरो निकोटिन' घेतलं तर चालेल ना?

कायद्याने नाही (प्रश्न ४). आणि शून्य लिहिलेल्या मालात तपासणीत निकोटिन सापडल्याची उदाहरणं अनेक देशांत आहेत. ओळखायची एक साधी खूण: तो 'शून्य'वाला दिवसभर घरी विसरला तर तुमची चिडचिड होते का?

७. एक डिस्पोजेबल (वापरून फेकायचा व्हेप) म्हणजे किती सिगारेटी?

पाच टक्के म्हणजे मिलिलिटरला साधारण ५० मिलिग्रॅम. १० मिलिलिटरच्या डबीत ५०० मिलिग्रॅम निकोटिन झालं. एका सिगारेटमधून शरीरात जातं ते १ ते १.५ मिलिग्रॅम. डबीतलं सगळं रक्तात उतरत नाही, म्हणून सरळ भागाकार करून 'इतक्या सिगारेटी' म्हणता येत नाही. पण अंदाज येतो.

खरी गोम वेगळीच आहे. सिगारेट संपते. विझवावी लागते, पुढची पेटवायला खाली उतरावं लागतं. पॉडला शेवट नसतो. मी रात्री उशीखाली ठेवायचो आणि कूस बदलताना एक झुरका घ्यायचो. सिगारेटच्या काळात मी झोपेतून उठून कधी ओढली नव्हती. शिवाय या द्रवांत निकोटिन क्षाराच्या रूपात असतं, त्यामुळे घशाला जाळ लागत नाही आणि किती ओढलं ते कळत नाही. मळमळ, डोकं गरगरणं, छातीत धडधड, हे अति झाल्याचं लक्षण.

८. ऑफिसात व्हेप आणि संध्याकाळी टपरीवर दोनच सिगारेटी. आधी दहा होत्या. सुधारणाच झाली की.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त चेहरे पडतात.

हृदयाच्या बाबतीत सिगारेटी कमी केल्याचा फायदा त्या प्रमाणात मिळत नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणानुसार, दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळजवळ निम्मा असतो. विसावा हिस्सा नव्हे, निम्मा. म्हणजे दहाच्या दोन केल्या तरी रक्तवाहिन्यांना फारसं कळत नाही. त्यात दिवसभर व्हेपमधलं निकोटिन चालूच.

आमच्या गटात 'व्हेपवर गेलो' म्हणून आलेल्यांत बहुसंख्य असेच दोन्हीकडे पाय ठेवून होते. जिथे सिगारेट ओढता येत नाही तिथे व्हेप आणि जिथे येते तिथे सिगारेट. पूर्वी ऑफिसातले चार तास निकोटिनशिवाय जायचे, तेही आता जात नाहीत. दोन्ही चालू असतील तर आधी सिगारेट पूर्ण बंद करा. व्हेपचं नंतर बघू (प्रश्न ९).

९. मी आठ महिने फक्त व्हेपवर आहे, सिगारेट एकही नाही. आता ही बंदी वगैरे वाचून घाबरलो. काय करू?

पहिली गोष्ट: घाबरून पुन्हा सिगारेटकडे जाऊ नका. आठ महिने धूर बंद ठेवलात हे मोठं काम आहे.

दुसरी: आता व्हेपमधूनही उतरायचं. परदेशात लोक द्रवातलं निकोटिन टप्प्याटप्प्याने कमी करतात. इथे वेष्टनावरच्या आकड्याचा भरवसा नाही, म्हणून आम्ही वेळेवर उतरतो. आधी झोपायची खोली बंद: व्हेप रात्री स्वयंपाकघरातल्या फळीवर राहील. मग गाडी बंद. मग उठल्यानंतरचा पहिला झुरका दर तीन दिवसांनी अर्धा तास पुढे. पहिला झुरका दुपारपर्यंत ढकलता आला की एक तारीख ठरवायची आणि त्या दिवसापासून गम किंवा पॅच (प्रश्न १०).

१०. मग सिगारेट सोडायला कायदेशीर असं आहे तरी काय?

बरंच काही आहे, फक्त त्याला आंब्याच्या स्वादाची झगमग नाही.

निकोटिन गम २ मिलिग्रॅमचा कुठल्याही औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅम लागतो. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. पॅच दिवसभर संथपणे निकोटिन देतो. पॅच आणि वरून अचानक तलफ आली की गम, अशी जोडी एकेकट्यापेक्षा जास्त उपयोगी पडते, हे अनेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. गम खाऊन 'काही झालं नाही' म्हणणाऱ्यांनी आधी प्रश्न ११ वाचावा.

गोळ्यांमध्ये व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपियॉन. दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२१ पासून आहेत. दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. फिट येण्याचा इतिहास असेल तर ब्युप्रोपियॉन चालत नाही. व्हॅरेनिक्लीन सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात आणि साधारण बारा आठवडे घेतात.

बोलायला कोणी हवं असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी: १८००-११-२३५६, फोन मोफत. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मोबाइलवर संदेश येऊ लागतात. पुण्यात ससूनची मानसोपचार ओपीडी, औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं कुठलंही डेंटल कॉलेज, इथे जाऊन 'तंबाखू सोडायची आहे' एवढंच म्हणा. दाताच्या डॉक्टरकडे कशाला, असं वाटेल. पण तंबाखूच्या खुणा सगळ्यात आधी त्यांनाच दिसतात.

११. गम खाल्ला, घसा जळला, उचकी लागली, फेकून दिला. सगळ्यांनाच होतं का?

साध्या च्युइंगमसारखा चघळला तर हमखास होतं. निकोटिन गिळलं जातं आणि पोटात जळजळतं. हा गम हळूहळू चावायचा, तिखटसर झिणझिणी आली की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. झिणझिणी ओसरली की पुन्हा दोनचार वेळा चावायचा, जागा बदलायची. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी नको; आम्लामुळे निकोटिन तोंडात शोषलंच जात नाही. पहिले काही आठवडे तलफेची वाट न पाहता दर एकदोन तासांनी घ्यायचा. बहुतेक जण दिवसाला दोन खातात आणि गम कुचकामी ठरवतात.

१२. सगळं जमतं, पण चहाबरोबरची सिगारेट सुटत नाही.

पुण्यात हा प्रश्न आला नसता तरच नवल. अमृततुल्यात पितळी भांड्यात चहा उकळतोय, शेजारच्या टपरीवर सुटी सिगारेट आहे, चार मित्र उभे आहेत. (महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. टपरीवर हे कोणाच्या गावीही नसतं.) दहा वर्षं रोज चार वेळा ही जोडी जमली असेल तर मेंदूला आल्याचा वास म्हणजेच सिगारेटची हाक वाटते.

यात शरीराचीही एक गंमत आहे, जी मला सोडल्यावर दोन आठवड्यांनी कळली. सिगारेटच्या धुरातली रसायनं यकृताला कॅफिन लवकर निकाली काढायला लावतात. धूर बंद झाला की तेवढाच चहा-कॉफी रक्तात जास्त वेळ रेंगाळते. हात थरथरतात, झोप उडते, छाती धडधडते. माणसाला वाटतं सिगारेट सोडल्याचा त्रास होतोय आणि तो एक पेटवतो. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नव्हे. म्हणून व्हेपवर गेलेल्यांनाही हेच होतं. सोडल्यावर पहिला महिना चहा-कॉफी निम्मी करा. आणि पहिले तीन आठवडे चहा बसून प्या, टपरीवर उभं राहून नको. तलफ पाचेक मिनिटांत ओसरते. कटिंग तेवढ्यात संपतो.

१३. सकाळी सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही. व्हेपने होतं. लाजिरवाणं आहे, पण खरं आहे.

लाजू नका, निम्मा गट हेच सांगतो. निकोटिन आतड्यांना चालना देतं, त्यामुळे सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होतं आणि मग पूर्ववत होतं. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, रात्री इसबगोल, जेवणात भाकरी आणि पालेभाजी. तोंडात छाले येतात, तेही काही दिवसांचेच.

१४. व्हेप सुरू केल्यापासून खोकला वाढलाय. आणि मला दम्याची गोळी चालू आहे.

सिगारेट थांबली की श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा काम करू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. तो खोकला काही आठवड्यांत कमी होतो. त्याऐवजी कोरडी ढास, धाप, ताप, छातीत दुखणं, असं काही असेल तर व्हेप त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवा आणि व्हेप ओढतो हे स्पष्ट सांगा. बंदी आहे म्हणून लोक हे लपवतात आणि निदान चुकतं. डॉक्टर पोलिसांना कळवायला बसलेले नाहीत.

दम्याच्या गोळीत थिओफिलीन असेल (आपल्याकडे ती खूप दिली जाते), तर धूर बंद झाल्यावर तिचंही कॅफिनसारखंच होतं: रक्तातली पातळी वाढते. क्लोझापीन आणि ओलान्झापीन या मानसोपचारातल्या औषधांचंही तसंच. सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करावी लागू शकते.

१५. दुबईहून किंवा बँकॉकहून स्वतःपुरता एक आणला तर?

आयात म्हणजे आयात, एक असो की शंभर. लोहगाव विमानतळावर सीमाशुल्क अधिकारी जप्त करू शकतात. शिवाय थायलंड आणि सिंगापूरमध्येही व्हेपवर बंदी आहे. 'जाताना घेऊन जातो' हेही करू नका.

१६. विमा काढताना 'धूम्रपान करत नाही' लिहू का? मी तर फक्त व्हेप करतो.

तपासणीत कोटिनिन बघतात. निकोटिन शरीरात मोडलं की ते तयार होतं, मग निकोटिन सिगारेटमधून आलेलं असो, व्हेपमधून की गममधून. खोटं लिहिलं आणि पुढे दावा नाकारला गेला तर भोगणार घरचे. अर्जात खरं लिहा. गम किंवा पॅच चालू असेल तर तेही लिहा.

१७. मुलाच्या सॅकमध्ये पेनड्राइव्हसारखं, गोड वासाचं काहीतरी सापडलं. मी आई आहे. विचारू की नको?

काकू, विचारा, पण त्या रात्री लगेच नको आणि बाबांसमोर नको. माझ्या आईला माझा पॉड सापडला तेव्हा तिने तो टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे सोडायला जमत नाहीये का तुला?" मी 'हो' म्हणालो. तिने 'हे काय आहे' विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो.

तो आधी सिगारेट ओढत होता का, हे शांतपणे जाणून घ्या. ओढत असेल तर प्रश्न ८ आणि ९ त्याला वाचायला द्या. नसेल तर त्याची सुरुवातच इथून झाली आहे. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालते आणि त्या वयात निकोटिनची पकड लवकर बसते, म्हणून समुपदेशकाकडे नेणं लांबवू नका. घरात लहान मूल असेल तर ती वस्तू आजच उंचावर ठेवा. ते द्रव थोडंसंही पोटात गेलं तर बाळाच्या जिवाला धोका असतो. फेकताना ओल्या-सुक्या कचऱ्यात नको, आत लिथियमची बॅटरी असते, ई-कचऱ्यात द्या.

१८. २३ दिवस सोडली होती. मित्राच्या हळदीला एक ओढली. आता परत पहिल्यापासून?

नाही. शारीरिक त्रासाचा सगळ्यात कठीण काळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतो आणि तो तुम्ही कधीच पार केलात. २३ दिवस वाया गेलेले नाहीत. घात होतो तो दुसऱ्या दिवशी 'आता मोडलंच आहे तर' म्हणून पाकीट घेतल्याने.

त्या रात्री नेमकं काय झालं ते लिहून काढा: कोणी दिली, हातात पेला होता का, जेवण झालं होतं का. मी तीनदा घसरलो आणि तिन्ही वेळा दारू पिऊन उपाशी होतो. लग्नाला अजून चार दिवस असतील तर त्या मित्रालाच सांगून ठेवा की मला कोणी देऊ नका, आणि खिशात गमची पट्टी ठेवा. कोणी 'सिगारेट नको तर हा व्हेप घे' म्हणून पुढे केला, तर आधी प्रश्न ८ आठवा. हळदीतली उरलेली सिगारेट अजून गाडीच्या कप्प्यात असेल, तर आधी खाली जाऊन ती मोडून टाका आणि मग पुढचा प्रश्न मला पाठवा.